ट्रॅक्टर-ट्रॉलीची वीजजोडणी

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून ट्रॉलीच्या मागील दिव्यांना वीज पुरवणारी 12 व्होल्टची तारयोजना. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात धान खरेदी केंद्रांवर व राईस मिलवर धान नेण्यासाठी ट्रॉली सर्रास वापरतात (पहा : धान, राईस मिल). खरीप धानाच्या खरेदीच्या हंगामात दिवस लहान असतो. अंधारात विनादिव्याची भरलेली ट्रॉली मागच्या दुचाकीस्वाराला दिसत नाही, म्हणून ही जोडणी जिवाच्या सुरक्षेशी निगडित आहे.

सात पिनांच्या सॉकेटसाठी आयएसओ 1724 मानकात पिवळी तार डाव्या व हिरवी उजव्या इंडिकेटरची, लाल ब्रेक दिव्याची, काळी व तपकिरी अनुक्रमे डाव्या-उजव्या टेल लॅम्पची, निळी फॉग लॅम्पची आणि पांढरी अर्थिंगची असते. दुरुस्तीत रंग बदललेले असू शकतात; त्यामुळे प्रत्येक पिन टेस्ट लॅम्पने तपासणे इष्ट.

सर्वांत फसवा बिघाड अर्थिंगचा. हुकाच्या सांध्यावर गंज व ग्रीस साचते, म्हणून परतीच्या प्रवाहासाठी तो भरवशाचा नसतो. स्वतंत्र अर्थ तार चासीवर, रंग खरडून उघड्या केलेल्या पत्र्यावर बोल्टने आवळावी लागते. ती सैल झाल्यास प्रवाह दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून परततो. मग ब्रेक दाबताच टेल लॅम्प मंदावतात किंवा इंडिकेटरबरोबर इतर दिवेही लुकलुकतात. 21 वॉटचा एक ब्रेक बल्ब सुमारे 1.75 अँपिअर घेतो. फ्यूज व तारेची जाडी त्या हिशेबाने ठरते.

ट्रॉलीप्रमाणे ओढून नेल्या जाणाऱ्या मुक्कामाच्या कॅराव्हॅनमध्ये मागील दिव्यांच्या अशा जोडणीशिवाय निवासी भागाची वेगळी बॅटरी व 230 व्होल्टचा बाह्य पुरवठा असतो (पहा : कॅराव्हॅन).