आयदुकेविच आणि वाक्याचे गणित

शब्द एकापुढे एक ठेवले म्हणजे वाक्य होत नाही, हे व्याकरणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्याकडील शाब्दबोधाच्या चर्चेत यासाठी ‘आकांक्षा’ ही संज्ञा रूढ झाली. एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असते व ती पुरी झाल्यावाचून अर्थ पूर्ण होत नाही. ही अपेक्षा पुरी झाली की नाही, याचा अंकगणिताप्रमाणे ताळा पाहता येईल अशी रीत विसाव्या शतकात काझिमेश आयदुकेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने सांगितली. विशेष हे की, त्यांचा हेतू व्याकरण लिहिण्याचा मुळीच नव्हता.

आयदुकेविच यांचा जन्म १८९० साली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असलेल्या तार्नोपोल येथे झाला. ल्वूफच्या विद्यापीठात काझिमेश त्वार्दोव्स्की व यान वुकाशेविच हे त्यांचे गुरू होते. १९१२ साली डॉक्टरेट मिळविल्यावर ते गटिंगन येथे गेले व तेथे हिल्बर्ट आणि हुसर्ल यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. पुढे ल्वूफ व वॉर्सा येथे अध्यापन करून १९२८ पासून ते ल्वूफ येथेच स्थिरावले.

१९३५ साली ‘स्टुडिया फिलॉसॉफिका’ या नियतकालिकात त्यांचा वाक्यबंधावरील जर्मन निबंध प्रसिद्ध झाला. त्यामागील अडचण तर्कशास्त्राची होती. रसेल यांनी दाखविलेल्या विरोधापत्तीमुळे, कोणती शब्दरचना सार्थ मानावी आणि कोणती मानू नये, हा प्रश्न ऐरणीवर आला होता. लेश्न्येव्स्की यांनी त्यावर अर्थकोटींची उपपत्ती मांडली व हुसर्ल यांच्या विचाराचेही तिला पाठबळ होते. आयदुकेविच यांनी या उपपत्तीला हिशेबाचे रूप दिले. मूळ कोटी दोनच: वाक्य आणि नाम. बाकीचा प्रत्येक शब्द हा एक अपूर्णांक होय. त्याला जे हवे ते छेदस्थानी लिहावयाचे आणि ते मिळाल्यावर जे सिद्ध होते ते अंशस्थानी. ‘गाय हळू चरते’ हे मराठी वाक्य घेऊ. ‘गाय’ हे नाम, म्हणजे ‘ना’. ‘चरते’ या शब्दास नाम मिळाले की वाक्य होते, म्हणून तो ‘वा/ना’. ‘हळू’ हा क्रियापद घेऊन पुन्हा क्रियापदच देतो, म्हणून त्याच्या अंशात व छेदात दोन्हीकडे ‘वा/ना’. आता छेद उडवीत गेले असता शेवटी केवळ ‘वा’ उरतो; रचना शुद्ध आहे. ‘गाय हळू’ एवढेच म्हटले तर अपूर्णांक सुटत नाही. शाळकरी मुलालाही करता येईल असा हा हिशेब आहे, आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे.

एक उणीव मात्र त्यात होती. वुकाशेविच यांच्या कंसविरहित लेखनपद्धतीप्रमाणे, अपेक्षा बाळगणारा शब्द आधी व अपेक्षित शब्द नंतर, अशी मांडणी अगोदर करून घ्यावी लागे. तर्कशास्त्रज्ञास हे चालते. परंतु भाषेतील शब्दक्रम हा भाषाशास्त्राच्या दृष्टीने अभ्यासाचाच विषय. १९५३ साली बार-हिलेल यांनी अपेक्षित शब्द डावीकडे हवा की उजवीकडे, हा भेद चिन्हांत आणला, आणि १९५८ साली लॅम्बेक यांनी त्यावरून एक पूर्ण कलन उभारले. कोटिव्याकरण या नावाने आज ओळखली जाणारी शाखा ती हीच.

स्वतः आयदुकेविच यांची भिस्त दुसऱ्याच सिद्धान्तावर होती. १९३४ साली त्यांनी ‘एर्केन्टनिस’मध्ये असे प्रतिपादन केले की, भाषेतील अर्थ हे विशिष्ट वाक्ये मान्य करण्यास भाग पाडणाऱ्या नियमांनी ठरतात. चौरसाला चार बाजू असतात हे नाकारणारा मनुष्य ‘चौरस’ हा शब्द आपल्या अर्थाने वापरीतच नाही. यावरून त्यांनी असा टोकाचा निष्कर्ष काढला की, आपले विश्वचित्र केवळ अनुभवाने ठरत नसून स्वीकारलेल्या संकल्पनांच्या चौकटीवरही अवलंबून असते. या उपपत्तीनुसार ज्या दोन शब्दांची अदलाबदल केल्याने नियम बदलत नाहीत ते समानार्थी ठरत. त्यावर टार्स्की यांनी साधा आक्षेप घेतला. ‘अ’ व ‘ब’ यांच्याविषयी नियम एवढाच असेल की ‘अ’ म्हणजे ‘ब’ नव्हे आणि ‘ब’ म्हणजे ‘अ’ नव्हे, तर अदलाबदलीने नियम तसाच राहतो. पण समानार्थी म्हणावे तर दोहोंतील भेद तोच नियम सांगतो! आयदुकेविच यांनी आक्षेप मान्य केला आणि हा टोकाचा संकेतवादही पुढे सोडून दिला. स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त इतक्या निर्विकारपणे टाकून देणारे तत्त्वज्ञ विरळाच.

महायुद्धात ल्वूफवर प्रथम सोव्हिएत व १९४१ पासून जर्मन अंमल आला. जर्मनांनी विद्यापीठ बंद केले आणि त्याच वर्षी जुलैत शहरातील अनेक पोलिश प्राध्यापकांना ठार मारले. आयदुकेविच त्या काळात गुप्तपणे शिकवीत राहिले. युद्धानंतर ल्वूफ पोलंडमध्ये उरले नाही. ते पोझनान येथे गेले. १९४८ ते १९५२ या काळात ते तेथील विद्यापीठाचे रेक्टर होते. १९५२ साली मार्क्सवादी तत्त्वज्ञ आदाम शाफ यांनी त्यांच्या मतांवर कडक टीका केली. राजकीय वारा प्रतिकूल असताही, पुढल्याच वर्षी आयदुकेविच यांनी तिला सविस्तर उत्तर छापले. त्याच १९५३ साली त्यांनी ‘स्टुडिया लॉजिका’ हे नियतकालिक सुरू केले. १९६३ साली वॉर्सा येथे त्यांचे निधन झाले. अध्यापनाच्या दृष्टीने लिहावयास घेतलेला ‘व्यावहारिक तर्कशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ दोन वर्षांनी प्रकाशित झाला.