ट्रिगरचं भोक

विली नेल्सनने 1969 मध्ये नॅशव्हिलमधून मार्टिन कंपनीची एन-20 गिटार घेतली, तीही न बघता. नाव ठेवलं ट्रिगर, म्हणजे सिनेमातल्या रॉय रॉजर्सच्या घोड्याचं. गिटार नायलॉन तारांची, क्लासिकल. ती बोटांनी वाजवायची, म्हणून तिला पिकगार्ड नसतो. हा पठ्ठ्या मात्र प्लास्टिकच्या पिकने वाजवत राहिला. घासून घासून साउंडहोलशेजारी दुसरं भोक पडलं. (आपण फोनवरच्या एका ओरखड्यासाठी आठवडाभर हळहळतो!) त्याने ते बुजवलं नाही. पण ही हेळसांड नव्हे. ऑस्टिनचा कारागीर मार्क अर्लवाइन वर्षानुवर्षं तिचे आतले आधार सांभाळत आला, लाकडावर लॅकर चढवत आला. 1990 मध्ये अमेरिकेच्या करखात्याने नेल्सनची मालमत्ता जप्त केली. चाहूल लागताच त्याने मुलीकरवी एक वस्तू आधीच बाहेर काढली होती: भोक पडलेली ही गिटार.