जोडीदार कोणी निवडायचा?

आमच्या सुप्यात ग्रामपंचायतीचा निकाल लागला की गुलाल धुवायच्या आत चर्चा सुरू, "उपसरपंच कोणाला?" सरपंच एका वस्तीचा, तर उप दुसऱ्या. लहानपणी मला हे फक्त गावचं राजकारण वाटायचं. पण १९६० साली केनेडींनी तरी काय केलं? स्वतः उत्तरेतले, कॅथलिक; म्हणून जोडीला टेक्ससचे जॉन्सन घेतले. टेक्सस मिळालं, अध्यक्षपदही.

त्यांचा जोडीदार मतदानाआधी ठरतो, मतं आणायला. आपला निकालानंतर, सरकार टिकवायला. राज्यघटनेत उपमुख्यमंत्रीपद नाहीच मुळी!

महाराष्ट्रात ते पहिल्यांदा आलं १९७८ मध्ये. २८८ पैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या. सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, विदर्भाचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. कागदावर तोल झकास. पण जॉन्सनना केनेडींनी स्वतः निवडलं होतं. तिरपुडे दादांच्या पदरात पडले. ते इंदिरा काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष, आणि टीका उघड करायचे, अगदी यशवंतरावांवरसुद्धा. मार्चमध्ये आलेलं सरकार जुलैत गेलं. शरद पवार बाहेर पडून ३८व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. गंमत म्हणजे त्यांनीही उपमुख्यमंत्री घेतलाच, मराठवाड्याचे सुंदरराव सोळंके.

आमचे एक काका असेच दुसऱ्या गटाकडून उपसरपंच झाले होते. सरपंचांशी वर्षभर बोलणं नव्हतं. गावाच्या पाण्याची कामं तेवढी राहिली. काका हे वाचतातच, तेव्हा आज रात्री फोन येणार...