हडसनवरचा न बांधलेला पूल

मार्च १९२३मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभियंत्याने आपल्या रोजनिशीत एक छोटी नोंद केली. हडसन नदीवरच्या नियोजित पुलाचा आवाका कमी करावा, असे सुचवणारे टिपण त्यांनी आपल्या वरिष्ठांना सादर केले होते. वरिष्ठांनी त्यांना भित्रेपणाबद्दल आणि आखूड दृष्टीबद्दल चांगलेच खडसावले. आपण पुढच्या हजार वर्षांचा विचार करीत आहोत, असेही सुनावले. टिपण देणारे होते ओथमार अम्मान, चव्वेचाळिशीच्या उंबरठ्यावरचे. खडसावणारे होते गुस्ताव लिंडेंथाल, वय बहात्तर. ज्या पुलावरून हा प्रसंग घडला तो पूल पुढे कधीच उभा राहिला नाही.

स्थापत्याचा इतिहास आपण बहुधा उभ्या वास्तूंवरून वाचतो. पूल बांधून झाला की तो तसाच आणि तिथेच व्हायचा होता, असे वाटू लागते. न बांधलेल्या पुलाच्या कागदांत मात्र निर्णयाआधीची अनिश्चितता तशीच शिल्लक असते. म्हणूनच लिंडेंथाल यांच्या या अपुऱ्या राहिलेल्या योजनेकडे निव्वळ अपयश म्हणून पाहता येत नाही.

लिंडेंथाल यांचा जन्म १८५०चा, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ब्रनो शहरातला. १८७४मध्ये ते अमेरिकेत आले. पिट्सबर्ग येथील स्मिथफील्ड स्ट्रीट पूल त्यांनी १८८३मध्ये पूर्ण केला आणि तो आजही वापरात आहे. त्या काळी न्यूयॉर्कपुढे एक विचित्र अडचण होती. पश्चिमेकडून येणाऱ्या बहुतेक आगगाड्या न्यू जर्सीच्या काठावर येऊन थांबत. प्रवाशांना तेथे उतरून नावेने हडसन ओलांडावी लागे, तेव्हा कुठे मॅनहॅटन गाठता येई. १८८८मध्ये लिंडेंथाल यांनी यावर उपाय मांडला. तो होता आगगाड्यांसाठीचा एक झुलता पूल, ज्याचा मधला गाळा २,८५० फुटांचा होता. पाचच वर्षांपूर्वी खुल्या झालेल्या ब्रुकलिन पुलाचा गाळा १,५९५ फूट होता, हे लक्षात घेतले की या प्रस्तावाचे धाडस कळते.

१८९०मध्ये अमेरिकन काँग्रेसने या कामासाठी कंपनी स्थापण्यास मंजुरी दिली. १८९५मध्ये होबोकेन येथे पायाच्या कामाला प्रारंभही झाला. पण १८९३च्या आर्थिक अरिष्टाने भांडवल आटले होते. एवढा खर्च एकट्या रेल्वे कंपनीला झेपणारा नव्हता आणि परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या एकत्र येईनात. अखेर पेनसिल्व्हेनिया रेल्वेने नदीखालचा मार्ग पत्करला. विजेवर चालणाऱ्या इंजिनांमुळे बोगद्यातील धुराचा प्रश्न सुटला होता. १९१०मध्ये तिचे दोन बोगदे सुरू झाले आणि पुलाचा सर्वांत मोठा संभाव्य आश्रयदाता हातचा गेला.

लिंडेंथाल हे काही नुसते स्वप्नाळू गृहस्थ नव्हते. १९०२-०३मध्ये ते न्यूयॉर्क शहराचे पूल-आयुक्त होते. मॅनहॅटन पुलासाठी त्यांनी तारदोरांऐवजी पोलादी पट्ट्यांच्या साखळ्या सुचवल्या होत्या. ते पदावरून गेले आणि तो आराखडाही बाजूला पडला. पुढे त्यांनी हेल गेटचा भव्य कमानी रेल्वे पूल बांधला. तो १९१७मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्या कामात त्यांचे प्रमुख साहाय्यक होते स्वित्झर्लंडहून आलेले अम्मान. मोठ्या पुलाचे काम कसे चालवावे, हे अम्मान यांनी या गुरूच्याच हाताखाली शिकून घेतले.

हडसनचा ध्यास मात्र लिंडेंथाल यांना सोडत नव्हता. १९२०नंतरच्या आराखड्यात पूल ५७व्या रस्त्याशी नेण्यात आला. आता त्याला दोन मजले, १२ लोहमार्ग, मोटारींसाठी २० मार्गिका आणि ३,२४० फुटांचा गाळा होता. प्रत्येक नकारानंतर योजना लहान होण्याऐवजी मोठीच होत गेली. अम्मान यांना इथेच धोका दिसला. आगगाड्यांचे ओझे पेलायचे म्हणजे दोर, मनोरे आणि पाया हे सारेच अवाढव्य होणार. नवी गरज होती ती मोटारींची, आणि मोटारींना हलका पूल पुरत होता. शिवाय उत्तरेला फोर्ट ली येथे न्यू जर्सीचा काठ उंच कड्यांचा आहे. तेथे पुलाकडे जाणारे चढ लांबवर बांधावे लागणार नव्हते.

१९२३मध्ये अम्मान बाहेर पडले. न्यू जर्सीचे गव्हर्नर जॉर्ज सिल्झर यांचा पाठिंबा त्यांना मिळाला. १९२५मध्ये ते न्यूयॉर्क बंदर प्राधिकरणाचे पूल-अभियंता झाले. ऑक्टोबर १९३१मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पूल खुला झाला. त्याचा गाळा ३,५०० फूट, म्हणजे गुरूच्या कागदावरच्या पुलाहूनही मोठा. लिंडेंथाल तेव्हा ८१ वर्षांचे होते. १९३५मध्ये ते वारले. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडे म्हणतात; पण ती इच्छा धरणे किती अवघड आहे, हे या दोघांच्या गोष्टीत दिसते.

मग बरोबर कोण होते? १९२३ हे वर्ष धरले तर अम्मान, यात शंका नाही. पैसा, राजकारण आणि काळाची गरज यांचे गणित त्यांना उमगले होते. पण कालमर्यादा वाढवली की उत्तर इतके सरळ राहत नाही. अम्मान यांच्या पुलावरून आगगाडी कधीच गेली नाही. १९६२मध्ये त्याला खालचा मजला जोडला गेला, तोही मोटारींसाठीच. पश्चिमेकडून मॅनहॅटनमध्ये येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आजही १९१०च्या त्याच दोन बोगद्यांतून येतात. २०१२च्या सँडी वादळात त्यांत समुद्राचे खारे पाणी शिरले आणि त्यांचे आयुष्य किती उरले, ही चिंता साऱ्या शहराची झाली. जोडीला नवे बोगदे हवेत, ही निकड तेव्हापासून अधिकच तीव्र झाली. हजार वर्षांचे सोडा, शंभर वर्षांच्या आतच लोहमार्ग अपुरे पडले होते.

याचा अर्थ लिंडेंथाल यांचा पूल बांधायला हवा होता, असा नव्हे. त्यांनी गरज अचूक ओळखली, पण ती भागवण्यासाठी शहराला परवडेल असे पहिले पाऊल त्यांना कधी सुचवता आले नाही. अम्मान यांनी ते पाऊल सुचवले, आणि ते टाकताना अर्धी गरज मागे ठेवली. उभा असलेला पूल आपल्याला यातली एकच बाजू सांगतो. दुसरी बाजू समजून घ्यायची तर १२ लोहमार्गांचा तो आराखडा आणि रोजनिशीतली ती छोटी नोंद एकमेकांशेजारी ठेवूनच वाचावी लागते.