मॅथ्यू पॅरिस : एका मठवासी बखरकाराची साक्ष

तेराव्या शतकातील इंग्लंडच्या ज्यूंचा इतिहास अभ्यासू लागलो की एका ख्रिस्ती मठवासीचे नाव वारंवार पुढे येते. तो म्हणजे मॅथ्यू पॅरिस. लंडनच्या उत्तरेस सेंट आल्बन्स येथील बेनेडिक्टीन मठात त्याने इ. स. १२१७ मध्ये प्रवेश केला व १२५९ च्या सुमारास मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. पूर्वीचा बखरकार रॉजर ऑफ वेंडोव्हर १२३६ साली वारल्यावर हे कार्य त्याच्याकडे आले. ‘क्रोनिका मायोरा’, म्हणजे मोठी बखर, हा त्याचा लॅटिन ग्रंथ जगाच्या उत्पत्तीपासून त्याच्या स्वतःच्या काळापर्यंत येऊन पोहोचतो.

मठाच्या भिंतींआड राहूनही त्याला राज्यातील वार्ता कळत. राजे व धर्माधिकारी मठात उतरत आणि तो त्यांच्याकडून माहिती काढून घेई. महत्त्वाच्या पत्रांच्या नकलाही ठेवी. १२४७ साली वेस्टमिन्स्टर येथील एका सोहळ्यात राजा तिसरा हेन्री याने त्याला जवळ बोलावून पाहिलेले सर्व लिहिण्याची आज्ञा केली. चित्रेही तो स्वतःच काढी. फ्रान्सच्या राजाने हेन्रीला भेट दिलेला हत्ती १२५५ मध्ये इंग्लंडला आला, त्याचे चित्र त्याने काढले आहे. पवित्र भूमीच्या त्याच्या नकाशात आपले अक्को शहर तटबंदीसह ठळकपणे दाखविलेले आहे, जरी तो स्वतः येथे कधीही आला नव्हता.

परंतु याच चौकस लेखणीने एक भयंकर असत्यही नोंदविले. १२५५ साली लिंकन शहरी ह्यू नावाच्या बालकाचे प्रेत विहिरीत सापडले. ज्यूंनी धर्मविधीसाठी त्याचा वध केला, असा आरोप झाला. कोपिन नावाच्या ज्यूकडून जीवदानाचे वचन देऊन कबुली घेण्यात आली. तरीही राजाने त्याला ठार मारविले. पुढे लंडनमध्ये १८ ज्यूंना फाशी देण्यात आली. मॅथ्यूने ही कथा सत्य मानून सविस्तर लिहिली, आणि त्याच्या ग्रंथामुळे तिला पिढ्यान्‌पिढ्या बळ मिळाले.

आश्चर्य असे की, त्याच ग्रंथात ज्यूंचे गाऱ्हाणेही जतन झाले आहे. १२५४ साली लंडनच्या ज्यूंचा पुढारी एलियास याने, करांच्या ओझ्याखाली आम्ही पिचलो आहोत, आम्हांला देश सोडून जाऊ द्या, अशी विनवणी केल्याचे मॅथ्यू सांगतो. ती परवानगी मिळाली नाही. राजाच्या द्रव्यलोभावर मॅथ्यूचा रोष होता, म्हणूनही त्याने हे लिहिले असावे. पुढे १२९० मध्ये पहिल्या एडवर्डने सर्व ज्यूंना इंग्लंडमधून हद्दपार केले.

मग अशा बखरकाराचे काय करावे? त्याचा ग्रंथ फेकून दिला तर एलियासची विनवणीही त्याबरोबर जाईल. त्याने काय प्रत्यक्ष पाहिले, काय ऐकले आणि कोणत्या द्वेषापोटी काय मानले, हे वेगळे करून वाचणे हाच मार्ग होय. लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये १९५५ साली ही कथा खोटी असल्याचे जाहीर करणारा फलक लावण्यात आला. नोंद होऊन ७०० वर्षे लोटली होती. लेखणीने केलेली इजा भरून येण्यास किती काळ लागतो, हे आपल्या मुलांना इतिहास शिकविताना अवश्य सांगावे.