म्हातारपणी अंगातली ताकद कमी होणं आणि नैराश्य: दोन्हींचा संबंध काय?

"आता कुठे जायचं? पाय साथ देत नाहीत." घरातल्या आजी-आजोबांचं हे वाक्य आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. पण अशक्त स्नायू आणि खचलेलं मन अनेकदा सोबत असतात, आणि दोन्हींवर उपाय आहेत.

सार्कोपेनिया म्हणजे काय?

वयानुसार स्नायू झिजणं आणि त्यांची ताकद घटणं म्हणजे सार्कोपेनिया. अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हा शब्द मांडला. २०१९ च्या आशियाई निकषांनुसार हाताच्या पकडीचा जोर पुरुषांमध्ये २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांमध्ये १८ किलोपेक्षा कमी असेल, तर स्नायूंची ताकद कमी मानतात.

मनाशी संबंध कसा?

तो दोन्ही बाजूंनी आहे. ताकद कमी झाली की पडण्याची भीती वाटते. मग देवळात, कट्ट्यावर, लग्नकार्याला जाणं बंद होतं. एकटेपणा आणि 'आपण ओझं झालो' ही भावना वाढते. उलट, नैराश्यात भूक मंदावते, झोप बिघडते, माणूस अंथरुणाला खिळतो आणि स्नायू आणखी झिजतात.

शरीरातही काही धागे दिसतात. २०१४ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की, व्यायाम केलेले स्नायू 'कायन्युरेनिन' या नैराश्याशी जोडलेल्या घटकाचं अशा रूपात रूपांतर करतात, जे रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. अर्थात, प्रत्येक अशक्त माणसाला नैराश्य येतंच असं नाही.

भारतात काय चित्र आहे?

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या 'लासी' या पाहणीत (२०१७-१८) ६० वर्षांवरच्या सुमारे ८ टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. निदान झाल्याचं सांगणारे मात्र १ टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे बहुतेकांचा त्रास डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

घरी कसं ओळखाल?

हात छातीवर बांधून खुर्चीतून सलग ५ वेळा उठायला-बसायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांना दाखवा. ही चाचणी करताना कुणीतरी शेजारी उभं राहा.

वयस्कर माणसं 'मी उदास आहे' असं सहसा म्हणत नाहीत. 'जेवण जात नाही', 'झोप लागत नाही', 'अंग दुखतं' असं म्हणतात. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आणि कशातच मन रमत नसेल, तर दुर्लक्ष करू नका.

काय करता येईल?

- आठवड्यातून किमान दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. ताकदीच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी होतात, असं ३३ चाचण्यांच्या २०१८ मधल्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. त्यात विविध वयांचे लोक होते.
- रोजच्या जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- थायरॉईड, मधुमेह, ड जीवनसत्त्व यांची तपासणी. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका.
- बोलण्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन: १४४१६. ती मोफत आणि २४ तास सुरू असते.

जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या.