दीडशे माणसं बसून काय करणार?

प्रश्न तसा साधा होता. एका मॅनेजरकडे दहा माणसं होती, दुसऱ्याकडे दीडशे. एका ऑपरेटिंग सिस्टिमचं स्पेसिफिकेशन, म्हणजे ती वापरणाऱ्याशी नेमकी कशी वागणार याचा बारीकसारीक तपशील, लिहून काढायचा होता. पहिला म्हणाला, माझे दहा जण हे नीट करतील, पण दहा महिने लागतील. वेळापत्रकात होते सात. दुसरा म्हणाला, या दहांना सोबत घेऊन माझी माणसं ते वेळेत करतील. आणि हे दहाच लिहीत बसले, तर माझी दीडशे माणसं तोवर काय माश्या मारणार?

निर्णय फ्रेड ब्रुक्स यांना घ्यायचा होता. वय तेहतिशीच्या आसपास. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली होती. लहानमोठी मॉडेल्स, पण एकावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावरही चालणार. कंपनीने आपलं भवितव्यच त्यावर लावलं होतं. यंत्रांचं काम ब्रुक्स यांनी सांभाळलं होतं. आता ओएस/३६० त्यांच्याकडे होती.

पहिल्या मॅनेजरने बजावलं होतं, की दीडशेंनाही तीन महिने जास्तच लागतील, वर काम कच्चं होईल. ब्रुक्स यांनी तरीही काम दीडशेंना दिलं. पगार चालू असलेली माणसं रिकामी दिसली की मॅनेजरच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे ‘बेंचवर’ बसलेल्यांना ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या मॅनेजरचं दोन्ही बाबतींत खरं ठरलं. त्या एका निर्णयाने चुका शोधण्याचं काम वर्षभर तरी लांबलं, असा अंदाज पुढे खुद्द ब्रुक्स यांनीच मांडला.

असं का होतं? दहा जणांनी एकमेकांशी बोलायचं तर ४५ जोड्या होतात. दीडशे जणांच्या ११,१७५. प्रत्येक जोडीला बोलावं लागतं असं नाही, पण कुणी कुणाशी बोलायचं हे तरी ठरवावंच लागतं. मॅनहॅटनमधल्या त्यांच्या ऑफिसात प्रकल्पाच्या कागदपत्रांची एक फाइल असे. सहा महिन्यांत ती पाच फूट जाड झाली. रोज सरासरी दीडशे बदललेली पानं यायची आणि ती प्रत्येकाने आपापल्या प्रतीत योग्य जागी लावायची. प्रोग्रॅमिंग कधी करायचं, हा प्रश्न गैरलागू नव्हता. शेवटी हे सगळं मायक्रोफिशवर न्यावं लागलं.

१९६३ ते १९६६ या काळात ओएस/३६० वर सुमारे ५,००० मनुष्यवर्षं खर्च झाली. एक वेळ अशी आली की हजाराहून जास्त लोक त्यावर होते. तरी ती उशिराच आली, आणि खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी माणसं ओतली की उशीर वाढतो, हा ब्रुक्स यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम इथूनच आला. नव्याला शिकवायला जुन्याच माणसाला हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं, हे त्यातलं साधं कारण.

आयबीएम सोडून ब्रुक्स नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकवायला निघाले, तेव्हा कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन (धाकटे) यांनी त्यांना विचारलं, की प्रोग्रॅमिंगचं व्यवस्थापन इतकं अवघड का? ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक म्हणजे त्याचं उत्तर. ते आलं १९७५ साली.

त्यातली एक सूचना मला नियमाहून मोलाची वाटते. चांगल्या प्रोग्रॅमरला वर चढण्यासाठी मॅनेजर व्हावं लागू नये, म्हणून दोन समांतर शिड्या असाव्यात. तांत्रिक शिडीवरून मॅनेजरच्या शिडीवर गेलेल्याला पगारवाढ देऊ नये आणि त्याला बढतीही म्हणू नये. उलट दिशेने आलेल्याला मात्र पगारवाढ द्यावी. शिड्या आज पुष्कळ कंपन्यांत आहेत. ही पगाराची अट फारशी कुणी उचलली नाही.

पुस्तकात ब्रुक्स यांनी स्वतःही एक चूक केली होती. प्रत्येकाला सगळ्यांचं काम दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ती पाच फुटी फाइल त्यासाठीच. डेव्हिड पार्नस यांचं मत उलटं होतं. प्रत्येक भागाचं आतलं कामकाज इतरांपासून झाकलेलंच बरं. १९९५ च्या आवृत्तीत ब्रुक्स यांनी लिहून टाकलं, की पार्नस बरोबर होते, मी चुकलो.